दोन इंजेक्शनांचा हिशेब

सातव्या महिन्यात झालेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका अगदी ठामपणे सांगत. हा समज काही फक्त आपलाच नव्हे. हिप्पोक्रेटीसच्या नावावर जे जुने ग्रीक ग्रंथ मोडतात, त्यांत आठव्या महिन्यातल्या मुलावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातही हेच सांगितले आहे. साध्या हिशेबाने पाहिले तर ही उलटी गोष्ट. पोटात जितके दिवस जास्त तितके मूल तगण्याची शक्यता जास्त. तरीही दोन हजार वर्षे हा समज टिकला. अपुऱ्या दिवसांची मुले नेमकी कशाने जातात हेच कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून तो टिकला असावा. मूल जन्मते, रडते, काही तास बरे दिसते, मग छाती आत ओढू लागते, कण्हू लागते, निळे पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाते. अशा मुलांचे शवविच्छेदन केले की फुप्फुसात काचेसारखा चकाकणारा पापुद्रा दिसे. त्यावरून डॉक्टरांनी रोगाला नाव दिले 'हायलिन मेम्ब्रेन डिसीज'. नाव मिळाले, कारण मिळाले नाही.

ते कारण १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले. आपल्या फुप्फुसांतल्या बारीक पिशव्यांना आतून एका स्निग्ध द्रव्याचा लेप असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. श्वास सोडल्यावर या पिशव्या मिटून चिकटू नयेत हे त्याचे काम. गर्भाच्या फुप्फुसात हे द्रव्य शेवटच्या काही आठवड्यांत पुरेसे तयार होते. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास नव्या फुग्यातल्या पहिल्या फुंकरीइतका जड जातो. फुगा फुगवताना पहिली फुंकरच गाल दुखवते. या बाळाला ती दर मिनिटाला साठ-सत्तर वेळा मारावी लागते. दोन दिवसांत ते थकते.

कारण कळले तरी इलाज नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी. वजन सव्वादोन किलोच्याही आत. जगातले उत्तमातले उत्तम वैद्यक हाताशी असताना, बोस्टनच्या रुग्णालयात दाबाखालच्या प्राणवायूच्या कोठीत ठेवूनही पॅट्रिक केनेडी ३९ तासांत गेला. आज या दिवसांचे आणि या वजनाचे बाळ जिल्ह्याच्या ठिकाणच्या नवजात अतिदक्षता विभागातूनही बहुधा घरी जाते.

मधल्या काळात काय झाले, हा या लेखाचा विषय. मी डॉक्टर नाही. वैद्यकाच्या इतिहासाची गोडी लागली ती ग्रंथालयातल्या जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांतून, आणि गेली काही वर्षे गर्भवतीला देण्याच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाची कथा मी जुळवतो आहे. ही कथा बहुतेक वेळा एका विजयाची कथा म्हणून सांगितली जाते. ती विजयाची आहेच. पण तिचा मोठा भाग भीतीचा आहे, आणि ती भीती कधी चुकीच्या जागी होती, कधी अगदी योग्य जागी होती आणि कधी जिथे असायला हवी तिथे नव्हती.

कथा सुरू होते न्यूझीलंडमध्ये, मेंढ्यांपासून. ग्रॅहॅम लिगिन्स, ज्यांना सगळे 'माँट' म्हणत, हे ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधले प्रसूतितज्ज्ञ. याच रुग्णालयात विल्यम लायली यांनी १९६३ साली पोटातल्या गर्भाला रक्त देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग केला होता, तेव्हा तिथली हवाच संशोधनाची. लिगिन्स यांचा प्रश्न फुप्फुसांचा नव्हताच. बाळंतपणाच्या कळा कोण सुरू करतो, आई की बाळ, हे त्यांना शोधायचे होते. हे कळले तर अकाली कळा थांबवता येतील, असा विचार.

याची एक खूण त्यांना कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे मिळाली. अमेरिकेच्या पश्चिम भागात एक विषारी रानवनस्पती खाल्लेल्या मेंढ्यांना एकडोळी, विद्रूप कोकरे होत, आणि त्यांतल्या काही मेंढ्या दिवस भरले तरी वीतच नसत. या कोकरांची पिट्युटरी ग्रंथी बिघडलेली असे. लिगिन्स यांनी तिथल्या पशुवैद्यकांबरोबर पोटातल्या निरोगी कोकराची पिट्युटरी ग्रंथी विजेच्या चटक्याने नष्ट करून पाहिली. मेंढी व्यायली नाही. म्हणजे मेंढीत तरी कळांचा हुकूम बाळाकडून सुटतो. पिट्युटरी अॅड्रिनल ग्रंथीला जागे करते, अॅड्रिनलमधून कॉर्टिसॉल सुटते आणि कळा सुरू होतात, अशी ही साखळी. न्यूझीलंडला परतून त्यांनी उलटा प्रयोग केला. पोटातल्या कोकराला थेट कॉर्टिसॉल किंवा त्याच जातीचे डेक्सामेथासोन दिले. मेंढ्या वेळेआधीच व्याल्या.

या प्रयोगात ज्याची अपेक्षा नव्हती ते दिसले. मेंढीचा गर्भकाळ सुमारे दीडशे दिवसांचा. १२० दिवसांच्या आसपासचे कोकरू जन्मताच मरायला हवे. त्याची फुप्फुसे यकृतासारखी घट्ट असतात. पण डेक्सामेथासोन मिळालेली अशी कोकरे काही काळ श्वास घेत राहिली, आणि शवविच्छेदनात त्यांच्या फुप्फुसांत हवा शिरलेली दिसली. १९६९ साली छापलेल्या निबंधात लिगिन्स यांनी हे निरीक्षण नोंदवले. निबंधाचा विषय कळांचा होता, फुप्फुसांचा उल्लेख जाता जाता आलेला. कळांचे म्हणाल तर माणसात त्या मेंढीसारख्या सुरू होत नाहीत, हे पुढे सिद्ध झाले. मूळ प्रश्नाचे उत्तर माणसाला लागू पडले नाही. वाटेत सापडलेले पडले.

लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना गाठले आणि १९६९ च्या डिसेंबरात, म्हणजे मेंढ्यांचा निबंध छापला गेला त्याच वर्षी, ऑकलंडमध्ये स्त्रियांवर चाचणी सुरू झाली. आजच्या मानाने हा वेग अंगावर काटा आणणारा आहे. पण आखणी मात्र त्या काळाच्या पुढची होती. अकाली प्रसूतीची चिन्हे असलेल्या स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम, चोवीस तासांनी पुन्हा तेवढेच. दुसऱ्या गटाला दिसायला तसेच, पण सत्तर पटींनी कमजोर असे कॉर्टिसोन. कोणाला काय मिळाले हे ना आईला माहीत, ना बाळ तपासणाऱ्याला. कॉर्टिसॉलऐवजी बीटामेथासोन का, तर वार म्हणजे प्लासेंटा ही मोठी चोख राखणदार असते. आईचे कॉर्टिसॉल ती बाळापर्यंत पोचण्याआधीच बरेचसे निकामी करते. बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोन मात्र तिला चुकवून पलीकडे जातात. हे गुण म्हणून लिहिले जाते. जे औषध राखणदाराला चुकवते ते आत जाऊन आणखी काय काय करते, हा प्रश्न त्यातच दडलेला आहे.

१९७२ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात पहिल्या २८२ स्त्रियांचा निकाल आला. श्वासाचा विकार औषध मिळालेल्या गटात ९ टक्के बाळांना, दुसऱ्या गटात २५.८ टक्के. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतले मृत्यू ३.२ टक्के विरुद्ध १५ टक्के. बत्तीस आठवड्यांच्या आतली आणि औषध मिळून चोवीस तास उलटलेली बाळे घेतली तर फरक आणखी मोठा, ११.८ विरुद्ध ६९.६. संशोधनाचे जुने अंक चाळताना इतका स्वच्छ निकाल क्वचित दिसतो. मात्र त्याच निबंधात एक वाक्य आणखी होते. ज्या स्त्रियांना गरोदरपणातला रक्तदाबाचा तीव्र विकार आहे, त्यांच्या बाबतीत या औषधाने पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढत असावा, असा इशारा. लिगिन्स आणि हॉवी यांनी आकडे जसे आले तसे मांडले, काही लपवले नाही. त्याची किंमत औषधाने वीस वर्षे मोजली.

आता हे वाक्य कोणत्या वर्षी वाचले गेले ते पाहा. थॅलिडोमाइडने हात-पाय नसलेली मुले जन्माला घातल्याचे १९६१ मध्ये उघडकीला आले होते. ती जखम ओली होती, पण थॅलिडोमाइडचा घाव जन्मताच डोळ्यांना दिसे. त्याहून भयंकर गोष्ट कळली १९७१ मध्ये. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत लाखो स्त्रियांना दिले गेले होते. १९५३ साली शिकागोतल्या एका मोठ्या चाचणीत त्याचा काही उपयोग होत नाही असे दिसले, तरी देणे चालूच राहिले. मग बोस्टनमध्ये आर्थर हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पंधरा ते बावीस वर्षांच्या आठ मुलींत योनीमार्गाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग आढळला. आठपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. मूल धडधाकट जन्मले, वाढले, वयात आले, आणि मग वीस वर्षांपूर्वीचे औषध उगवले.

ऑकलंडचा निबंध आला तो याच्या दुसऱ्याच वर्षी. जन्माच्या वेळी बाळ बरे आहे, हा पुरावा कोणत्याही सावध प्रसूतितज्ज्ञाला तेव्हा पुरेसा वाटणे शक्य नव्हते. त्यात प्राण्यांवरचे प्रयोग होतेच. १९५१ पासून माहीत होते की गाभण उंदरीला कॉर्टिसोन दिले तर पिलांचे टाळू फाटलेले निघतात. मेंदूची वाढ खुंटते असेही पुढच्या प्रयोगांत दिसले. या औषधाला जगाने उशीर केला म्हणून त्या पिढीच्या डॉक्टरांना दोष देण्याची आता फॅशन आहे. मला १९७२ ते १९८० एवढ्या काळापुरती तरी त्यांची शंका शहाणपणाची वाटते. त्यानंतरची नाही.

इथे नॅशनल विमेन्स हॉस्पिटलविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती या कथेत सहसा सांगत नाहीत. लिगिन्स यांची चाचणी चालू होती त्याच काळात, त्याच इमारतीत, हर्बर्ट ग्रीन नावाचे डॉक्टर गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगपूर्व अवस्थेतल्या स्त्रियांवर पूर्ण उपचार न करता नुसते लक्ष ठेवत होते. ही अवस्था पुढे कर्करोगात बदलत नाही असे त्यांना दाखवायचे होते. स्त्रियांना याची कल्पना नव्हती. काहींना कर्करोग झाला, काही गेल्या. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी 'मेट्रो' मासिकात हे उघड केले, न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी बसली, १९८८ मध्ये अहवाल आला, आणि न्यूझीलंडमधले रुग्णहक्कांचे कायदे त्यातून जन्मले. एका छपराखाली दोन डॉक्टर. एकाने स्वतःचे मत चुकू शकते असे धरून चिठ्ठ्या टाकल्या. दुसऱ्याने मत बरोबर आहे असे धरून वाट पाहिली.

स्टेरॉइडच्या बाबतीत पुढे दहा-बारा चाचण्या झाल्या. बहुतेक लहान. एकेकटी पाहिली तर कोणतीच पुरती पटणारी नाही. अमेरिकन सरकारच्या पुढाकाराने झालेली, ६९६ स्त्रियांची मोठी चाचणी १९८१ मध्ये छापली गेली तेव्हा गोंधळ मिटण्याऐवजी वाढला. एकूण फायदा दिसला, पण तुकडे पाडून पाहिले तर तो मुख्यतः एकट्या जन्मलेल्या मुलींत. मुलग्यांना उपयोग नाही असा त्याचा अर्थ अनेकांनी काढला. आकड्यांचे लहान लहान तुकडे केले की अशी भुते दिसतातच. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र केल्यावर हे भूत नाहीसे झाले. पण तेव्हा ते खरे वाटले. शिवाय कृत्रिम श्वासोच्छ्वासाची यंत्रे सुधारत होती. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी बाहेरून सर्फॅक्टंट देऊन दाखवले होते. बाळ जन्मल्यावर वाचवता येणार असेल तर जन्माआधी आईला कशाला टोचायचे? माझ्या मते आणखी एक कारण होते, आणि ते कोणत्याही निबंधात आकड्यांत सापडणार नाही. इंजेक्शन देतो प्रसूतितज्ज्ञ. बाळाचा श्वास अडलेला पाहतो बालरोगतज्ज्ञ. द्यायचा धोका एकाच्या माथी, न देण्याचे दुःख दुसऱ्याच्या वॉर्डात. शिवाय औषध जुने आणि स्वस्त. त्याचा ढोल वाजवण्यात कोणत्याच कंपनीला रस नव्हता.

डब्लिनच्या पॅट्रिशिया क्राउली यांनी या विखुरलेल्या चाचण्या गोळा करायला घेतल्या. मार्क कीर्स आणि ऑक्सफर्डचे इयन चामर्स यांच्याबरोबर त्यांनी १९९० मध्ये बारा चाचण्या, तीन हजारांवर स्त्रिया, असा एकत्रित हिशेब छापला. उत्तर निःसंदिग्ध होते: श्वासाचा विकार कमी, मेंदूतला रक्तस्राव कमी, मृत्यू कमी, आईला किंवा बाळाला अपाय होत असल्याचा पुरावा नाही. चामर्स यांनी पुढे ज्या संस्थेची स्थापना केली त्या कॉक्रेनचे बोधचिन्ह मुद्दाम पाहावे. वर्तुळात एक उभी रेघ, तिच्या डावी-उजवीकडे पसरलेल्या सात आडव्या रेघा, आणि खाली एक छोटी चौकट. शोभेची नक्षी वाटते. पण प्रत्येक आडवी रेघ म्हणजे या इंजेक्शनाची एकेक चाचणी आहे. बहुतेक रेघा मधल्या रेघेला टेकतात, म्हणजे एकट्या त्या काही सिद्ध करत नाहीत. चौकट सगळ्यांची बेरीज आहे, आणि ती उभ्या रेघेला स्पर्श करत नाही. बेरीज करायला उशीर झाला म्हणून हजारो बाळे विनाकारण गेली, याची ती आठवण आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची सभा बोलावली आणि २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूतीचा धोका असलेल्या जवळपास सर्व स्त्रियांना हे औषध द्यावे असे जाहीर केले. तोवर तिथे दीड किलोच्या आतल्या बाळांच्या पाच आयांपैकी एकीलाही ते मिळत नव्हते. रक्तदाबाच्या विकाराची ती जुनी भीती १९९९ मध्ये ब्राझीलमधल्या एका चाचणीने दूर केली. तीव्र विकार असलेल्या २१८ स्त्रियांत औषधाने बाळांचा श्वासाचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला.

एवढ्यावर कथा संपायला हवी होती. पण एकदा भीती गेली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. औषधाचा गुण आठवडाभरात ओसरतो, म्हणून प्रसूती लांबली तर दर आठवड्याला पुन्हा इंजेक्शन देण्याची पद्धत पडली. एक चांगले तर चार अधिक चांगले, हा हिशेब. या वेळीही मेंढ्यांनीच आधी सांगितले. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॉन न्यूनहॅम यांच्या प्रयोगांत डोस वाढत गेला तसे कोकरांचे वजन घटत गेले. मग वीस देशांतल्या १,८५८ स्त्रियांची चाचणी २००८ मध्ये आली. पुन्हा पुन्हा औषध मिळालेल्या बाळांना जास्तीचा फायदा काही नाही, उलट वजन, लांबी आणि डोक्याचा घेर कमी. अमेरिकेतल्या अशाच दुसऱ्या चाचणीतली मुले दोन-तीन वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा सेरेब्रल पाल्सी पुनःपुन्हा औषध मिळालेल्यांत सहा जणांना आढळली, दुसऱ्या गटात एकाला. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा योगायोग असू शकतो. पण ज्या घरात ते मूल आहे तिथे कसोटी वेगळी असते. दर आठवड्याची पद्धत बंद पडली.

ऑकलंडची मूळ मुले? त्यांची गाठ संशोधकांनी सोडली नाही, आणि मला या साऱ्या इतिहासातले हेच सर्वांत मोठे काम वाटते. चार आणि सहा वर्षांची असताना त्यांची बुद्धी तपासली, फरक नव्हता. तिशीत जेन हार्डिंग, स्टुअर्ट डॅल्झिएल आणि सहकाऱ्यांनी त्यांना पुन्हा शोधून काढले. ५३४ जण आले. रक्तदाब, चरबी, मधुमेह यांत फरक नाही. स्मरणशक्ती आणि मनःस्वास्थ्य यांतही नाही. फक्त साखरेचे पाणी पाजून अर्ध्या तासाने रक्त घेतले तेव्हा औषध मिळालेल्यांत इन्सुलिन किंचित जास्त होते, म्हणजे पुढे कधी मधुमेहाकडे कल होईल की काय अशी शंका. पन्नाशीला ते पुन्हा तपासले गेले. हृदयविकाराच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. ही माणसे माझ्याच वयाची आहेत. डीईएसने वीस वर्षांनी जो प्रश्न विचारला होता, त्याला पन्नास वर्षांनी मिळालेले हे उत्तर.

उत्तर त्यांच्यापुरते, एवढे मात्र म्हटले पाहिजे. ज्यांना दोन इंजेक्शने मिळाली आणि ज्यातले बहुतेक खरोखरच लवकर जन्मले, त्यांचे. अकाली कळा ओळखणे हे काही नेमके शास्त्र नाही. कळा थांबतात, बाई घरी जाते, दिवस भरून बाळंत होते. अशा बाळाला औषधाचा फायदा शून्य मिळतो, औषध मात्र मिळालेले असते. फिनलंडमध्ये सगळ्या जन्मांची आणि आजारांची सरकारी नोंद असते. तिथे ६ लाख ७० हजार मुलांच्या नोंदी कात्री राइक्कोनेन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तपासल्या. औषध पोटात असताना मिळालेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी दिवस भरून जन्मली होती. त्यांत पुढे मानसिक किंवा वर्तनाचा विकार ८.८९ टक्के, औषध न मिळालेल्या पूर्ण दिवसांच्या मुलांत ६.३१ टक्के. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हे. ज्या गरोदरपणात काहीतरी बिघडल्याची शंका आली तिथेच औषध दिले गेले असणार, आणि ते बिघडणेच कारण असू शकते. पण दुर्लक्ष करण्यासारखा हा आकडा नाही.

आता नागपूर. भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली असा अंदाज आहे, जगात सर्वाधिक. औषध काही रुपयांचे, ठेवायला फ्रीज लागत नाही, टोचायला डॉक्टर लागत नाही. मग ते गावापर्यंत का नेऊ नये? या प्रश्नावर सहा देशांत एक प्रचंड चाचणी झाली: अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान, आणि भारतात बेळगाव व नागपूर. एकेका स्त्रीच्या नव्हे, तर अख्ख्या परिसरांच्या चिठ्ठ्या टाकल्या, असे १०१ परिसर. निम्म्यांत आरोग्यसेविकांना, दायांना आणि डॉक्टरांना अकाली प्रसूती ओळखायला आणि डेक्सामेथासोन द्यायला शिकवले. दिवस मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या तारखेवरून, आणि ती आठवत नसेल तर पोटाची उंची मोजपट्टीने मोजून. जवळपास एक लाख जन्म झाले.

जून २०१४ मध्ये आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. उपकेंद्रावरच्या एएनएमने अकाली कळांच्या बाईला डेक्सामेथासोनचा पहिला डोस टोचून मग तिला मोठ्या दवाखान्यात पाठवावे. हेतू उत्तमच होता. चारच महिन्यांनी, ऑक्टोबरात, 'लॅन्सेट'ने त्या सहा देशांच्या चाचणीचा निकाल जाहीर केला.

सर्वांत लहान बाळांत, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, मृत्यूंत फरक नाही. हजारी २२५ आणि २३२. आणि सगळी बाळे मिळून पाहिली तर औषधाच्या परिसरांत मृत्यू जास्त. हजारी २७.४, तर जिथे ही मोहीम नव्हती तिथे २३.९. लहान बाळांच्या आयांपैकी जंतुसंसर्गाची शंका आलेल्या १० टक्के, दुसरीकडे ६. ज्यांना औषध दिले त्यांतल्या सहापैकी जेमतेम एकीचे बाळ खरोखर तेवढे लहान निघाले. बाकी पाच जणींना ते निष्कारण मिळाले.

का झाले असे? संशोधकांनी स्वतः सावधपणे लिहिले आहे आणि मीही त्यापलीकडे जाणार नाही. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दबवते हे खरे. मोठ्या बाळांना ते बाधले असेल. पण एवढे स्पष्ट दिसते की ऑकलंडमध्ये जे औषध म्हणून मोजले गेले ते नुसते औषध नव्हते. त्याबरोबर तारीख नेमकी माहीत असणे होते, जन्मानंतर ऊब, प्राणवायू, दूध, जंतुसंसर्गावर नजर, हे सगळे होते. गावात त्यांतले फक्त इंजेक्शन गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारस बदलली. दिवस नक्की माहीत असावेत, प्रसूती खरोखर जवळ आलेली असावी, आईला संसर्ग नसावा, आणि बाळाची काळजी घेण्याची सोय असावी, तरच द्यावे. पण त्यातून पुढचा पेच निघाला. गरीब देशांत हे औषध चालतच नाही काय? मग संघटनेने नवी चाचणी केली, या वेळी रुग्णालयांत. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया इथली २९ रुग्णालये, २६ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यानच्या २,८५२ स्त्रिया, आणि प्रत्येकीचे दिवस सोनोग्राफीने ठरवलेले. बाळांचे मृत्यू औषधाच्या गटात १९.६ टक्के, दुसऱ्या गटात २३.५. आयांचा जंतुसंसर्ग वाढला नाही, उलट ६.३ वरून ४.८ वर आला. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्याआधीच थांबवावी लागली. आणखी स्त्रियांना नुसते पाणी टोचणे योग्य ठरले नसते. हा निकाल २०२० चा.

तेच औषध, तोच देश, दोन उलटे निकाल. बारकाईने पाहिले तर दोन्हींत मुख्य फरक दोनच. बाई पोचली ती जागा कोणती, आणि तिचे दिवस कोणी, कसे आणि कधी मोजले. दिवस मोजण्याची सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांत झाली तर ती काही दिवसांच्या फरकाने बरोबर येते. सातव्या महिन्यात पहिल्यांदा केली तर दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात, आणि इथे सगळा खेळच दोन-तीन आठवड्यांचा आहे. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या डोंगरातल्या बाईची पहिली सोनोग्राफी कोणत्या महिन्यात होते, यावर या इंजेक्शनाचा गुण ठरतो. उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या नोंदवहीत त्यासाठी एक रकाना आहे, शेवटच्या पाळीच्या तारखेचा. तो भरताना समोरची बाई बहुधा सण सांगते. पोळ्याच्या आधी, की पोळ्यानंतर.